देवीची चित्रं, दोन्ही वाटांनी

बाईने पोराला छातीशी धरलं आणि देवी टोचायच्या टेबलापासून ती मागे सरली.

"टोचलं न् पोराला देवी आल्या. मना दिसत नाय कं?" असं म्हणून तिने आमच्या चित्रांकडे बोट दाखवलं.

ती कोपरीची कोळीण. देवीच्या लशीचं आमचं फिरतं प्रदर्शन त्या सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलाखाली लागलं होतं. पुढे डोंबिवली, कल्याण, खडवली. चित्रं माझी, मांडणी ऑफिसची. चार पॅनेलं, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली कापडी चित्रं. पहिल्यात अंगभर फोड आलेलं शेजारचं पोर. दुसऱ्यात ते पाहून घाबरलेली आई. तिसऱ्यात ती आपल्या मुलाला टोचून घेते. चौथ्यात तिचा मुलगा हसतोय. शाळेच्या हॉलमध्ये हे ठीक होतं. इथे कोपरीकडून पूल उतरणारा माणूस चौथ्यापासून पाहत येई. हसरा मुलगा, टोचणी, घाबरलेली आई, फोड. बाईने जे पाहिलं तेच सांगितलं होतं.

आमचे प्रधानसाहेब म्हणाले, क्रम दाखवणारे बाण रंगव. तेवढ्याने भागलं नाही तर हवालदार उभा करून सगळ्यांना एकाच बाजूने आत घेऊ. मला ते पटेना. क्रम फिरवूनही उपयोग नव्हता. मग पलीकडून, ठाणे गावातून येणारे उलटं वाचणार.

"साहेब, मी शाळेत असल्यापासून पत्रकं वाटतोय," मी म्हटलं. "चालता चालता वाचून होतं तेवढंच माणूस घेतो. मधली दोन उतरवू या."

"अर्धं प्रदर्शन उतरवून मी वर काय सांगू?"

"टेबलासमोर रांग लागली असं सांगा."

"कुठाय रांग?"

रांग नव्हती. खाडीकाठच्या वस्तीत देवीची साथ होती आणि इथे टोचणारे गुप्ते पेपर वाचत बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ट्रायल म्हणून कर," ते म्हणाले.

मधली दोन पॅनेलं काढली. आजारी पोर आणि हसरं पोर शेजारी शेजारी उभं केलं. हसऱ्याच्या दंडावर मी देवीचे वण रंगवले, टोचल्यावर कायमचे राहतात ते गोल डाग, चांगले बशीएवढे. खाली टोचल्या-न टोचल्याची एकेक ओळ: देवी काढल्या नाहीत. देवी काढल्या. कुठूनही या, अर्थ तोच.

बाई पुलाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती. "ह्याचे दंडावं काय केलंस?" तिने विचारलं.

गुप्त्यांनी पेपर ठेवला, बाही वर सारली आणि स्वतःचे वण दाखवले. तिने ते अंगठ्याने चोळून पाहिले, रंग निघतो का म्हणून. मग पोराला टेबलावर बसवलं.

"हलक्या हातानं टोच. नायतर गाठ माझेशी हाय."

पोर असं रडलं की पूल उतरणारे थांबले. थांबलेल्यांतलेच काही रांगेत लागले. खडवलीपर्यंतचा दौरा आम्ही दोन पॅनेलांवर केला. साहेबांनी बाणाचा विषय पुन्हा काढला नाही.

रहदारीत लावायच्या चित्रांना पहिलं आणि शेवटचं नसतं. माणूस येईल तिथे सुरुवात, आणि तो पुढचं चित्र पाहणारच नाही असं धरून काम करावं.