बापूंचा ऑइलकॅन आणि साहेबांचं स्टॉपवॉच

लेथखाली साठलेला लोखंडाचा चुरा संध्याकाळी झाडता येतो. किश्श्यांचा चुरा झाडायला मात्र माणूस नेमलेला नव्हता. तो टाइम ऑफिसात, आम्हा कारकुनांपाशी साठत गेला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. सांगलीजवळच्या आमच्या कारखान्यात शेतीपंप बनत. उत्पादन वाढवायला मालकांनी पुण्याहून एक साहेब आणले. वयानं तरुण, स्वभावानं गरीब, गळ्यात स्टॉपवॉच! पहिल्याच फेरीत त्यांना पोत्यावर टेकलेले बापू दिसले.

बापू म्हणजे आमचे तेलवाले. कवठे महांकाळकडचे, दुष्काळात मेंढरं विकून आलेले. ऑइलकॅन घेऊन फिरायचं, यंत्रांना तेल घालायचं, मग जरा बसायचं. साहेबांनी नेमकं बसणंच पाहिलं.

"मशीनवाल्यानं स्वतः तेल घातलं तर हा माणूस कशाला? दिवाळीपर्यंत अभ्यास करतो आणि ठरवतो."

त्या दिवशी बापूंनी भाकरी तशीच परत नेली.

*

अभ्यासाची सुरुवात लेथवाल्या जाधवापासून झाली. जाधव उंब्रजचा, पलटणीतून हवालदार होऊन परतलेला. साहेब घड्याळ धरून शेजारी उभे राहिले. जाधवानं लेथ बंद केला.

"चला साहेब."

"कुठे?"

"च्या घ्यायला. मानूस दारात उबा असताना आमी काम करत न्हाई."

"अहो, मी पाहुणा नाही!"

"असं कसं? पुण्यासनं आलाय न्हवं!"

*

मग साहेबांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं : 'वेळ वाचवा.' जाधवानं मनावर घेतलं. दिवसाचं काम दुपारी उरकून तो लेथशेजारीच आडवा झाला.

"जाधव, झोपलात?"

"वेळ वाचवलाय साहेब. आता वापरतोय!"

*

हत्यारं आणायला जो तो वाटेल तेव्हा स्टोअरला जातो, त्यात वेळ फुकट जातो, असा साहेबांचा पुढचा शोध. शिस्त लावायचं काम जाधवाकडं आलं. दुसऱ्या दिवसापासून पाना लागो कुणा एकाला, स्टोअरकडे निघत शॉपमधली सगळी माणसं! रांगेत, लेफ्ट-राइट करत.

साहेब धावत आले. "अहो, एका पान्यासाठी इतकी माणसं?"

"एकटा जवान म्होरं धाडत न्हाई साहेब!"

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडली. पाने, हातोडे, ऑइलकॅन ओळीनं ठेवले. साहेबांनी टेबलावर विसरलेलं स्टॉपवॉच जाधवानं मधोमध ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. साहेब ते उचलायला वाकले.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई, साहेब."

"हे हत्यार कुठे? हे तर घड्याळ!"

"बापूला इचारा की!"

साहेब हसले नाहीत. एकदा बापूंकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्या दिवशी वेळ कुणी मोजला नाही.

*

दिवाळी तोंडावर आली तसा बापूंचा दिवस उगवला. साहेब सकाळपासून स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या मागे. जाधवानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. बापू पोत्याकडे वळले रे वळले की हाक येई, "बापू, त्याल!"

तिकडून सुटले की दुसरा, "आवं बापू, हिकडं आदी!"

नुकतंच तेल पाजलेल्या यंत्रांना पुन्हा तेल पाजलं. जमीन निसरडी झाली. तयार पंप हातातून सुळकन निसटू लागले. बापूंना पाणी प्यायलाही कुणी उसंत दिली नाही. म्हातारा पळतोय, मागे साहेब पळतायत!

संध्याकाळी साहेबांनी घाम पुसला. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली.

"जाधव, माझं चुकलं," साहेब म्हणाले. "या माणसावर कामाचा फार बोजा आहे. त्यांना काढणं दूरच, त्यांच्या हाताखाली आणखी एक माणूस द्या, असं मालकांना सांगतो."

जाधवानं तोंड फिरवून रुमालात हसू दाबलं. बापू धापा टाकत पोत्यावर बसले होते. बसूनच त्यांनी हात जोडले.

"नगं साहेब, दुसरा मानूस नगं. तुमी निस्तं हिकडं फिरकू नगा, माझं काम निम्म्यावर येतंय बगा!"