दादाचे गुन्हे

जगात जे काही बिघडतं ते आपल्याच हातून, अशी माझ्या थोरल्या भावाची खात्री आहे. दूध नासलं तरी हा "माझंच चुकलं" म्हणून मोकळा. एसटीत दुसऱ्यानं याच्या पायावर पाय दिला, तर हाच त्याला म्हणणार, "राव, माझाच पाय मधी आला." निरगुडसरात अशा माणसाला लोक वेडा म्हणतात आणि काही हरवलं की आधी त्याच्याच दारात येतात.

ही सवय त्याला मी लावली. मी सहा वर्षांनी धाकटा आणि अतोनात वांड. शेजारच्या कोंबड्यांना रंग फासला मी, मार खाल्ला दादानं. मास्तरांच्या गाडीची हवा सोडली मी, पंप घेऊन धावला दादा. "तू गप ऱ्हा, तुला खोटंबी धड बोलता येत न्हाई," म्हणायचा. खोटं बोलताना त्याचेच कान लाल व्हायचे.

मी आठ वर्षांचा असताना कडबाकुट्टीत वैरण अडकली. अण्णा, आमचे वडील, मशीन बंद करून ती हातानं काढत होते. त्यांना दचकवावं म्हणून मी त्यांच्या पाठीमागून गुपचूप बटण दाबलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. दादा गोठ्यातून धावत आला, मला मागं ढकललं आणि म्हणाला, "मी दाबलं. मला वाटलं, झालं तुमचं."

त्यानंतर पंचवीस वर्षं अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्याकडून पाणी हवं असलं तरी निरोप माझ्याकरवी. मला मात्र डाव्या हातानं घास भरवायचे, आणि मी खायचो. सुरुवातीला मी खरं सांगायचं काढलं, की दादा म्हणायचा, "कशाला? त्यांना तू तरी राहू दे." पुढं आम्ही तो विषयच सोडला. त्याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. दहाव्याला घोड नदीच्या घाटावर पिंड ठेवला. पुढाऱ्यांची तीन भाषणं झाली, पण कावळा काही शिवेना. चुलते पिंडाला सांगत होते, "नातीला शिकवू. विहिरीचं काम पुरं करू." कावळे झाडावरच. मग सगळा घाट दादाकडं बघायला लागला. आता बोलायचं ते मीच, हे मला कळलं. मी दोन पावलं पुढं झालो, तोवर दादा पिंडापुढं बसलाही होता.

"अण्णा, मशीन मीच चालू केली. माफ करा."

कावळा उतरला आणि भात घेऊन गेला. "सुटला म्हातारा," चुलते म्हणाले, आणि लोक जेवायला उठले.

परतताना दादा ताज्या मुंडणावरून हात फिरवत होता. "बघ, केलं ना मला माफ," तो म्हणाला. इतका हलका मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी त्याच्या कानांकडं पाहिलं. ते लाल नव्हते. इतक्या वर्षांत त्याला ते खरंच वाटायला लागलं असेल, तर खरं काय ते जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे. त्याला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.