कागद कुणाला अडवत नाही

तिला सगळे 'रोलरबाई' म्हणत. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत इस्त्रीच्या तापल्या रोलरवर तिनं आठ वर्षं काढली होती. मनगटावरचा काळा डाग हेच तिचं सर्टिफिकेट. आता ती वरच्या मजल्यावर बसून कंपनीचं पाळ्यांचं ॲप बांधायची. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. स्क्रीनवर चौकोन ओढायचे, त्यांत अटी भरायच्या, पन्नासदा तोंडावर आपटायचं आणि एक्कावन्नाव्यांदा जमवायचं, एवढीच तिची शाळा.

गेल्या महिन्यात डुलकी लागून एकीची बोटं रोलरात गेली. मग बायका तीन दिवस गेटवर बसल्या आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती आठाची दहा तास करूनच उठल्या. सर्वांत पुढे रोलरबाई. मालकाची सही मिळाली. पण कागद कुणाला अडवत नाही, हे ती ओळखून होती. अडवणार ते ॲप.

त्यात तिनं 'विश्रांती' नावाचा फंक्शन रूल केला होता. आधीची सुटायची वेळ आणि पुढची लागायची वेळ त्याला द्यायची. तो 'हो' किंवा 'नाही' सांगणार, बस्स. पाळी लावायची असो की जादा काम द्यायचं असो, प्रत्येक स्क्रीननं त्यालाच विचारायचं. सोमवारी तिनं त्यात आठाचे दहा केले आणि सुपरवायझरला तोऱ्यात सांगितलं, "एका जागी बदललं, सगळीकडे बदललं."

"बघू," तो म्हणाला. "चुकलात तर बाहेरची कंपनी तयारच आहे."

गुरुवारी साडेअकराला तिनं सहज दिवसाची यादी उघडली आणि एका ओळीवर तिची नजर अडकली. रोलर तीन, तिची वहिनी. काल रात्री दहाला सुटलेली, आज सातला लागलेली. नऊ तास.

तिनं त्याच वेळा रूलला दिल्या. उत्तर आलं: 'नाही'.

मग हिला सोडलं कुणी?

नोंद आली होती ती बायका आपसांत पाळ्या बदलतात त्या अदलाबदलीच्या स्क्रीनवरून. तिनं ती उघडली. ही तिनं बांधलेली पहिलीवहिली स्क्रीन, फंक्शन रूल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं तेव्हाची. इथे कुणी कुणाला विचारतच नव्हतं. तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलेला आठ तेवढा तिथे ठाण मांडून बसला होता.

दोन मिनिटांत गुपचूप बदलता आलं असतं. काळ्या कुत्र्यालाही कळलं नसतं. पण वहिनी तीनपर्यंत रोलरवरच राहिली असती.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. वाफेत वहिनी चादरीचं टोक रोलरात सारत होती. पापण्या मिटत, दचकून उघडत. बोटं पुढे, आणखी पुढे.

रोलरबाईनं मशीन थांबवायचा लाल दोर ओढला. रोलर थांबला.

"वन्सं, अहो काय झालं?"

"घरी जा, वहिनी. झोपा."

"मी मैत्रिणीची पाळी घेतलीय. ॲपनं हो म्हटलं की."

"ॲप खोटं बोललं. मीच शिकवलेलं."

सुपरवायझर धावत आला. "मशीन कुणी बंद केलं?"

"मी. नऊच तासांच्या विश्रांतीवर बाई कामाला लागलीय. एक जागा माझ्याकडून सुटली. चूक माझी, लिहून घ्या. बाहेरच्या कंपनीला बोलवायचं तर बोलवा, पण आधी मला दहा मिनिटं द्या."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग वहिनीच्या लाल डोळ्यांकडे. "दहा," तो म्हणाला. "दुसरी बाई उभी करतो तोवर."

वर जाऊन तिनं तो आठ खोडला आणि तिथे 'विश्रांती'ला बोलावलं. मग पर्स काखोटीला मारलेल्या वहिनीला खुर्चीशेजारी उभं करून तोच अर्ज पुन्हा भरला.

'नाही'.

"घरच्याच माणसाला अडवता होय?" वहिनी जांभई देत म्हणाली.

"तुम्हालाच आधी," रोलरबाई म्हणाली, आणि उरलेल्या स्क्रीन एकेक करून उघडायला लागली. अजून कुठे तिचा जुना हात लपून बसलाय, ते आता तिलाच शोधायचं होतं.