नातीचं पडसं

मी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होतो. बायको आणि दोन वर्षांची मुलगी यांच्यासह तिथल्याच चाळीत राहायचो. आई मात्र कार्ल्याच्या बाजूला, आमच्या गावी एकटी. वडील गेल्यावर तिला दोनदा म्हटलं, चल. तर म्हणाली, "म्हस काय तुज्या चाळीत बांदू?" हट्टीपणा मी तिचाच घेतलेला, तिसऱ्यांदा विचारलं नाही. रविवारी मुलीला घेऊन मळवलीला उतरायचो आणि खाचरांच्या बांधांवरून चालत घरी जायचो.

एका पौषात पोरीला पडसं झालं होतं. नाक गळत होतं, छातीत घरघर. तरी नेली. आईनं तिला मांडीवर घेतलं, ओवा चावला आणि तिच्या नाकातोंडावर फुंकर घातली. आमच्याकडच्या सगळ्या आज्या हेच करतात. दिवसभरात दहा वेळा तरी केलं असेल. चार दिवसांत पोर खडखडीत बरी झाली.

पुढच्या रविवारी माझी ड्युटी होती. त्याच्या पुढच्या रविवारी कंटाळा केला. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

तिसऱ्या रविवारी एकटाच गेलो, तर म्हैस शेजाऱ्यांच्या गोठ्यात. आई भिंतीला टेकून बसलेली; आडवं झालं की तिला दम लागत होता. शेजारची मावशी काढा घेऊन विनवत होती आणि आई तोंड उघडत नव्हती.

"लेकराचं दुखनं म्या अंगावर घ्येतलंया," ती थांबत थांबत म्हणाली. "आता अवशद घ्येतलं, तर त्ये तिच्याकडं माघारी जाईल."

"कुनी सांगितलं तुला ह्ये?" मी ओरडलोच.

"सांगाया कशाला पायजे?"

एवढे दिवस ती त्या घरात एकटी खोकत होती, आणि मनातून खूश होती. मला त्या खुशीचाच जास्त राग आला.

बैलगाडीतून मळवली, तिथून गाडीनं लोणावळा. डॉक्टरांनी छाती तपासली, इंजेक्शनं सुरू केली आणि मला बाजूला घेतलं. "लहान मुलाचं साधं पडसं म्हाताऱ्या माणसाच्या छातीत उतरतं. यातून निभावल्या तर पुन्हा होऊ देऊ नका. नात शिंकत असली की लांब ठेवा." दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, तसंच झालं. चैत्र लागला तरी आमच्या चाळीतल्या नळापर्यंत जाताना ती दोनदा बसायची.

मग तिला गावाकडची ओढ लागली. जायच्या आदल्या दिवशी पोर तिच्या मांडीवर होती. स्वतःच्या जिवासाठी आईनं नातीला लांब ठेवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी उलटं सांगितलं.

"आये, तुज्या छातीतलं दुखनं पोरीला लागंल, डाक्टर म्हनलेत. तिला जवळ घिऊ नगं."

"व्हय का," एवढंच म्हणाली आणि पोरीला खाली ठेवलं.

डॉक्टरांनी शिंकेपुरतं सांगितलं होतं. मी कायमचं तोडलं. त्यानंतर रविवारी पोर ओट्यावर आणि आई अंगणाच्या टोकाला, तोंडावर पदर धरून. तिथूनच विचारायची, "जेवली का गं?" पोर धावत गेली की ही उठून गोठ्यात जायची. हळूहळू पोरीनं धावणं सोडलं. पुढच्या खेपेला खरं सांगू, असं मी प्रत्येक खेपेला ठरवायचो. पण दोन हिवाळे आईला साधा खोकलासुद्धा झाला नाही. खोटं लागू पडलं होतं, ते मोडायला मी भीत होतो. सोमवारी कामावर हात चालायचे आणि डोळ्यांसमोर ते अंगण यायचं. फार एकटं वाटायचं, आणि हे बायकोलाही सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, भात कापणीच्या दिवसांत, आई नुसती वयानं थकली आणि अंथरुणाला खिळली. मी पोरीला उचलून तिच्या उशाशी नेलं.

"आये, नात आलीया. घे तिला."

तिनं एकदा पोरीकडं डोळे भरून पाहिलं. मग पदर नाकातोंडावर ओढला आणि भिंतीकडं वळली.

"आये, ऐक, म्या तवा—"

तिनं हात वर करून मला थांबवलं. आधी पोरीला बाहेर ने, असं खुणावलं. मी पोरीला ओट्यावर ठेवून परत आलो, तोवर आई गेली होती.