कागदावर न झाडलेली गोळी

बागेत कुजलेल्या केळीच्या खोडांचा वास आला, की मला ती डुकरीण आठवते. पिकात धुमाकूळ घालणारी रानडुकरं मारायची परवानगी माझ्या काकांना, नानांना, मिळाली होती. त्यांच्या रायफलीच्या नळीला धक्का कमी करणारा मझल ब्रेक होता, आणि तिच्यासाठी परवडणारी, टिकाऊ दुर्बीण मी जळगावहून आणली. दुकानदार म्हणाला, "ब्रेकमुळे खांदा वाचतो, पण दुर्बिणीला उलटसुलट हादरे बसतात. ही फुटणार नाही, नेम मात्र सरकेल. अधूनमधून कागदावर गोळी झाडून बघा." मी ते नानांना सांगितलं. लायसनवर काडतुसं मोजकीच मिळायची. ते म्हणाले, "दुर्बीण नवी शे. कागदवर काडतूस कसाले वाया घालानं?" मलाही ते पटलं. महिन्याभराने नानांनी डुकरिणीच्या खांद्यावर नेम धरून झाडलेली गोळी तिच्या पोटात शिरली. ती केळीत घुसली आणि दोन दिवस ओरडत राहिली. जखमी डुकराच्या मागे जायला कोणी धजेना, नानाही नाहीत. तिसऱ्या दिवशी ती वासावरून सापडली, पिल्लं अंगाला चिकटलेली. पुढे नाना गेले, रायफल पोलिसांत जमा झाली. दुर्बीण माझ्या कपाटात आहे. काचेवर साधा ओरखडा नाही. टिकाऊच निघाली.