नावाचा रकाना

मेहकरच्या बसस्टँडसमोर गोकुळचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि पुढ्यात प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलिसभरती, काय वाट्टेल त्याचे फॉर्म तो पंधरा वर्षं भरत आलाय. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळलं नाही की माणसाची कशी फरफट होते, हे त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला ठाऊक नसेल. आणि नेमकं त्याच माणसानं हे करावं, याचाच संताप येतो.

दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता तो वेबसाइट बनवायला शिकला. शिकवायला कोणी नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, चुकायचं, परत करायचं. एका मंगल कार्यालयाची साइट केली, एका शाळेची केली, आणि मग एक दिवस नारायणराव दुकानात आले. हे बीजसखी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या नावात सखी आणि खुर्चीवर झुपकेदार मिशांचे नारायणराव, याचं मंडळात कोणालाही नवल वाटत नव्हतं.

काम चांगलं होतं. गावोगावच्या बायका घरात गावरान बियाणं राखतात, त्याची नोंद करायची. बाईनं मोबाइलवर फॉर्म भरायचा : बियाण्याचं नाव, गाव, कसं राखलं, फोटो, आणि शेवटी राखणारीचं नाव. ‘पाठवा’ दाबलं की त्या बियाण्याचं स्वतंत्र पान साइटवर आपोआप तयार व्हायचं. गोकुळनं ते झकास जमवलं, हे कबूल करायलाच हवं. फोटो नीट बसायचे, पानं गावानुसार लागायची.

“पानावर नाव मंडळाचंच येऊ दे,” नारायणराव म्हणाले. “खाली माहं, अध्यक्ष म्हणून. दोनशे बायकाईचे दोनशे नावं कायले पाह्यजेत?”

“मंग तो नावाचा रकाना काढून टाकतो.”

“काढू नको बे. नाव लिवलं की बायकाईले बरं वाटते.”

रकाना राहिला. आता त्यात लिहिलेलं नाव साठवून ठेवायला गोकुळला आणखी एक ओळ लिहावी लागणार होती. दाखवायचंच नाही तर साठवायचं कशाला, असं म्हणून त्यानं ती लिहिली नाही. बाई नाव लिहिणार, ‘पाठवा’ दाबणार, बाकी सगळं पानावर जाणार आणि नाव हवेत विरणार. साठवू नको असं नारायणरावांनी सांगितलं नव्हतं. तेवढं पाप गोकुळच्या एकट्याच्या पदरात.

डोणगावला त्याची आई राहते, वच्छलाबाई. साठी ओलांडल्यावर ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. माहेरी उंद्रीला तिच्या आईनं तिला लाल चवळीचं बी दिलं होतं. ती त्याला बरबटीच म्हणते. राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून, गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपून तिनं ते चाळीस वर्षं राखलं. या बायकांचा एक रिवाज आहे. बी विकायचं नाही. मूठभर द्यायचं, पुढच्या साली दोन मुठी परत घ्यायच्या, आणि देताना ते मूळ कोणाचं हे सांगायचं. हे जनकाबाईचं कारलं, ही मनकर्णाबाईची भेंडी. बी खाऊन टाकलं तर एकवेळ चालेल, पण कोणाचं ते विसरलं तर बायका त्या घरी परत बी देत नाहीत.

गोकुळनं आईपुढे मोबाइल धरला. बाकीचे रकाने त्यानं भरले. शेवटच्यावर ती म्हणाली, “थांब, हे मीच लिवतो.” एका बोटानं, ओठ हलवत, दोनदा खोडून तिनं स्वतःचं नाव लिहिलं. चांगली दहा मिनिटं लागली.

“हे कुठी जाते रे आता?”

“सगळ्या जगाले दिसते, आई.”

तोंड वर करून तो हे बोलला. नंतर ती ओळ लिहून टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलंही. पण दुकानात भरतीच्या फॉर्मांची गर्दी उसळली आणि ते नंतर काही आलं नाही.

हिवाळ्यात बुलढाण्याला बियाण्यांचं प्रदर्शन भरलं. साइटवरच्या पानांवरून पाट्या छापल्या गेल्या. मंडळाच्या जीपनं बायका नटूनथटून गेल्या, नारायणराव आणि गोकुळही सोबत होते. वच्छलाबाईनं लेकीच्या लग्नातलं लुगडं काढलं होतं. लाल चवळीच्या टोपलीपुढे ती थांबली आणि पाटीवरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागली. ना. रा. य. ण. शेजारच्या टोपलीवरही तेच. त्याच्या पुढच्या टोपलीवरही तेच. मनकर्णाबाईनं तिथंच आवाज चढवला, दहाबारा जणींनी धरून लावलं, तेव्हा आयोजक धावत आले. आठ दिवसांत खरी नावं पाठवा, आम्ही कायमच्या नोंदवहीत चढवू, असं त्यांनी कबूल केलं.

“त्यात काय एवढं!” नारायणराव हसत म्हणाले. “गोकुळजवळ सगळे नावं हायेत.”

वच्छलाबाईनं लेकाकडे पाहिलं. गोकुळनं मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं. “मी लिवलं होतं ना रे? तुह्या समोर?”

“हाव.”

“मंग कुठी गेलं?”

त्यानं खरं सांगितलं. तिनं लुगड्याची घडी घातली आणि पेटीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

त्यानं दोनशे बारा पानं एकेक करून तपासली. बियाण्याचं नाव होतं, गाव होतं, राख किती नि पाला कोणता तेही होतं. बाईचं नाव एकाही पानामागे नव्हतं. मग त्यानं ती राहिलेली ओळ लिहिली. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते नाव पानाखाली दिसेल असं केलं, वर नावाचा रकाना सक्तीचा केला, म्हणजे नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणारच नाही. आणि लॅपटॉप घेऊन तो आईच्या ओसरीवर येऊन बसला, कारण डोणगावात कोणतं बी कोणाचं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

वच्छलाबाई शेंगा सोलत होती. तिनं नाही म्हटलं नाही. दुसऱ्या बायकांची नावं बुडवणारी ती नव्हे.

“कारलं?”

“जनकाबाईचं. तिले तिच्या आत्यानं देल्लं.”

“भेंडी?”

“मनकर्णाबाईची.”

“वाल?”

“सिंधूताईचा. नीट लिव, सिंधू.”

एकामागून एक एकतीस नावं तिनं सांगितली, कुठेही न अडखळता. गोकुळ लिहीत गेला. प्रत्येक वेळी पान उघडत होतं आणि खाली नाव दिसत होतं. शेवटी डोणगावचं एकच उरलं.

“लाल चवळी,” तो हळूच म्हणाला.

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

“लिव ना. नारायणरावची. पाटीवर त्याईचंच हाय.”

“आई, मी तुह्यं लिवतो. हे पाय, आता दिसते.” त्याची बोटं कळांवर गेली.

“माह्या नावाले हात लावू नको.”

ती सूप घेऊन आत गेली. गोकुळनं रकाना रिकामा ठेवून ‘पाठवा’ दाबलं. फॉर्म गेला नाही. रकान्याखाली लाल अक्षरांत त्यानंच लिहिलेली ओळ उमटली : राखणारीचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.