मंगबाई

मी चुकीचा लेखक आणला. वाचनालयाच्या 'लेखकाशी गप्पा' या कार्यक्रमाला बदलत्या हवामानावर लिहिणारा माणूस हवा होता. एका पुस्तकाच्या नावात 'दुष्काळ' दिसला, मी फोन लावला आणि मोकळा झालो. पुस्तक उघडायचं तेवढं राहिलं. आतला दुष्काळ प्रेमाचा होता. सगळ्या कविता.

आष्टीत या गप्पा चालवायच्या त्या मंगबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, कायम पांढऱ्या सुती साडीत. खरं नाव गावाला ठाऊक होतं, पण वापरत कुणी नव्हतं. लेखक काहीही बोलला की बाई पहिल्या रांगेतून विचारायच्या, "मंग?" पृथ्वी तापतेय. "मंग?" पाऊस लहरी झालाय. "मंग?" आवाज चढलेला नसायचा, तरी भलेभले लेखक पाण्याच्या तांब्याकडे हात न्यायचे.

शाश्वत जीवनशैलीवर लिहिणारे एक गृहस्थ पुण्याहून आले होते. म्हणाले, अंघोळ एका बादलीतच करा. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाई म्हणाल्या, "सर, दुसरी बादली आमच्याकडं कधीच नव्हती. कमी करायचं झालं असंल तर पुढचं सांगा."

'बिचारे' या शब्दाला मात्र सक्त बंदी. एका लेखिकेनं डोळे पुसत 'बिचारे मराठवाड्यातले लोक' म्हटलं, तर बाई उठूनच उभ्या. "कोण बिचारं? बोट करून दाखवा." कुणाकडं बोट करणार? सगळेच त्या लेखिकेकडं रोखून बघत होते.

गप्पा भर दुपारी असायच्या, कारण रानातल्या बायका तेव्हाच मोकळ्या. उन्हाळे वाढत गेले तशी माणसं रोडावली. वाचनालयाचे अध्यक्ष अप्पा म्हणाले, "बाई, या बारीला माणसं जमली न्हाईत तर हितल्या गप्पा बंद. परतूरला मंगल कार्यालय हाय, एसी हाय, तिथं घेऊ." तिथवर रानातली एकही बाई गेली नसती. बाई म्हणाल्या, "ज्याच्यावर बोलायचं तेच अंगावर आलं तर आपण पळायचं? बिलकुल न्हाई." त्यांनी खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, घरोघर निरोप दिले. लेखक आणायचं काम तेवढं माझ्याकडं होतं.

त्या दिवशी मी आणलेल्या पाहुण्यांनी चहा पिताना मला विचारलं, "सुरुवात विरहानं करू का?" तेव्हा कुठं चूक माझ्या लक्षात आली. मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं.

"पुस्तक उघडलं व्हतं का?"

"मुखपृष्ठ पाहिलं होतं."

"मंग?"

मी पाहुण्यांचा कप विसळायला घेतला.

कवींनी सुरू केलं. प्रियकर माळावर उभा राहून तिची वाट पाहतोय. बाईंनी विचारलं, "किती वाजता?"

"दुपारी."

"महिना कोणता?"

"वैशाख असेल."

"डोक्याला काय बांधलं व्हतं?"

"काहीच नाही," कवी चाचरले.

मागून रानात रोजानं जाणारी रुक्मिण ओरडली, "मंग मेला असंल की भाऊ तो!"

पत्र्याचं छप्पर हादरेल असं सगळे हसले, कवीसुद्धा. हसू ओसरल्यावर रुक्मिणच बोलायला लागली. गेल्या उन्हाळ्यात ती कांदे काढताना भोवळ येऊन पडली होती. शुद्धीवर आली तशी तिनं टोळीतल्या बायका गोळा केल्या आणि मालकाला सांगितलं, आम्ही उजाडायला येऊ, ऊन चढलं की जाऊ, अन् हजेरी पुऱ्या दिवसाची घेऊ. मालक म्हणाला, मग येऊच नका.

कवींनी वही मिटली होती. न राहवून ते म्हणाले, "मग?"

बाईंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. हा प्रश्न विचारणारा पहिलाच लेखक त्यांना भेटला होता.

"मंग काय, न्हाई गेलो," रुक्मिण म्हणाली. "कांदा उन्हात उकडून राह्यला तवा आला घरी बोलवायला."

त्यावर प्रत्येकीला बोलायचं होतं. अप्पा घाम पुसत शेवटपर्यंत बसले, आणि परतूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

यंदा बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना गप्पांची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. स्टँडवर त्यांची पिशवी धरून उभा असताना मी जरा फुशारून विचारलं, "बाई, अप्पा होते, शाळेतले सर होते. माझ्यातच काय दिसलं?"

"त्यांना सगळं माहिती असतंय. ते कशाला कुणाला काय विचारतील?" बाई दांडी धरून एसटीत चढल्या. "तुला कायबी माहिती न्हाई, अन् त्याची लाजबी न्हाई. दे ती पिशवी जल्दी."